पेडलवरचा डावा पाय

माळवाडी, ता. कागल
१४ जुलै

आण्णा,

दिवाळीपर्यंत शिरोळची वेस ओलांडायची नाही, मोबाइल हातात धरायचा नाही आणि पान्ह्याला शिवायचं नाही, असा चातुर्मासाचा नेम तुम्ही घेतल्याचं तुमच्या लेकाकडून, अभिनंदनकडून कळलं. त्याच्या फोनवर निरोप ठेवता आला असता. पण गाडीचं दुखणं तिसऱ्याच्या तोंडून सांगितलं की निम्मं वाटेतच सांडतं. म्हणून कागद घेतला.

पिकअपचा क्लच पुन्हा बिघडलाय. सतरा वर्षांपूर्वी तुम्हीच बघून, ऐकून, हात फिरवून मला घेऊन दिलेली गाडी. पहिली प्लेट सात वर्षं गेली, दुसरी नऊ. आणि आता गेल्या दिवाळीपासून दोन किट घालून झाले, दोन्ही धैर्यशीलच्या हातचे. तुम्ही गॅरेज त्याच्या ताब्यात दिलंत तेव्हापासून मी दुसऱ्या मिस्त्रीकडं गेलेलो नाही.

शनिवारी बायडाबाईच्या टोळीतल्या चौदा बायका हौद्यात होत्या. शेतात भांगलणीला, तण काढायला सोडायचं होतं. बिरोबाच्या माळाचा चढ अर्धा चढलो आणि इंजिन ओरडायला लागलं. गाडी जागची हलेना, मग मागं सरकायला लागली. ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला, एका बाईनं उडी टाकून चाकामागं दगड लावला. जळका वास सुटला होता. बायडाबाई पत्रा बडवत ओरडली, "कृष्णात, गाडी हाय का म्हस? बसलीया की चिखलात!" सगळ्या हसल्या, मीही हसलो. उतरून बघितलं तर मागचं चाक रस्त्याकडच्या खोल चरीपासून वीतभर राहिलं होतं. त्यांचं हसू अजून थांबलं नव्हतं. मी मात्र आणखी दोन दगड आणून चाकामागं रचले.

गाडी उभी केली तर माझं घर बसतं आणि त्या बायकांचा रोजही बुडतो. अशीच चालवली तर एक दिवस त्या चरीत जातील. काय करू, लिहा.

लेक क्रांती बरी आहे. तिच्या तापाच्या वेळी अंबाबाईला बोललेली तीन वर्षं या दसऱ्याला पुरी होतील. तोवर अनवाणीच.

तुमचा
कृष्णात

*

शिरोळ
१९ जुलै

कृष्णात,

तुझं अक्षर अजून चौथीतलंच आहे, पण वाचता येतं. घरात आमची राजमती म्हणाली, नेम यंत्राला हात न लावायचा आहे, मग यंत्राबद्दल लिहिलेलं चालतं का? मी म्हटलं, डोक्याला नेम कुठं घातलाय? चाळीस वर्षं काळे झालेले हात चार महिने पांढरे ठेवायचे एवढंच माझं मागणं आहे. ते पुरं होतंय.

आता नीट ऐक. चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी हलत नाही, म्हणजे प्लेट घसरतेय. प्लेट घसरायला कारणं थोडी. तेल लागलं असेल, प्रेशर प्लेटची ताकद गेली असेल, किंवा क्लच पुरता सुटत नसेल. पेडलच्या मागचे दोन सिलिंडर, वरचा आणि खालचा, फुगून अडकले तरी असं होतं. गिअर बॉक्स उतरवायला सांग. निघालेला माल धैर्यशीलला टाकू देऊ नकोस. समोर ठेव आणि मला लिही: प्लेट कुठं झिजलीय, फ्लायव्हीलचा रंग कसा आहे, रिलीज बेअरिंग हातात फिरवल्यावर आवाज कसला येतो. मला इथून ऐकू यायचं नाही, तेव्हा आवाज शब्दांत मांड.

आणखी एक. धैर्यशील माझ्या हाताखाली तयार झालाय, हात चांगला आहे त्याचा. पण धंदा हातात आला की माणूस पेटी न बघता माल घेतो. आठ-नऊ महिन्यांत दोन किट जळतात म्हणजे माल हलका आहे. त्याला हे पत्र वाचून दाखव. माझ्या नावानं दाखव.

तोवर चढाला बायका बसवू नकोस. उतरून चालू देत.

नेमगोंडा

*

माळवाडी
१ ऑगस्ट

आण्णा,

गिअर बॉक्स उतरवला. सांगितलंत तसं सगळं पोत्यावर मांडून बघितलं.

प्लेट झिजून रिबिटापर्यंत गेलीय, दोन्ही बाजूंनी सारखीच. तेलाचा थेंब नाही. फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग आहेत, तापलेल्या तव्यावर पडतात तसे. बेअरिंग कानाशी धरून फिरवलं तर मोहरी तडतडायच्या आधी तव्यावर सरकते तसा आवाज. सिलिंडर दोन्ही ठीक होते, तरी नवे घातले. आता पेडलपासून गिअर बॉक्सपर्यंत जुनं काही राहिलं नाही.

तुमचं पत्र धैर्यशीलला वाचून दाखवलं. तो हात पुसत ऐकत होता. मग आत गेला आणि रिकाम्या पेट्या आणून माझ्यापुढं ठेवल्या.

"काका, मालकांचा कागद हाय म्हणून ऐकून घेतलं. दुसरा कोण असता तर पान्हा फेकून मारला असता. ह्या बघा पेट्या. कंपनीचा माल हाय."

"मग प्लेट जळती कशी?"

"तुमच्या पायानं. पेडलवरनं पाय उचलतच न्हाय तुमी."

"तीस वर्षं गाडी चालवतोय मी. तू तवा चड्डी सांभाळत पळत हुतास."

गॅरेजातले सगळे हसले. तो हसला नाही. म्हणाला, "तीस वर्षांचं न्हाय सांगत काका. ह्या वर्षाचं सांगतोय."

लाज वाटली ती माझी नाही, त्याची वाटली. स्वतःची चूक गिऱ्हाइकाच्या पायावर ढकलायची, हे तुमच्या गॅरेजात कधी झालं नव्हतं. तुम्हीच सांगा, अनवाणी पायाला पेडल जेवढं कळतं तेवढं बुटातल्या पायाला कळेल का? तीन वर्षांत तळवे असे झालेत की बाभळीचा काटा टोचत नाही. परवा हायवेच्या कडेला नवं डांबर टाकलं होतं, भर दुपारची वेळ. सोबतचे दोघं चपला घालूनही उड्या मारत होते. मी देवळाच्या फरशीवरून जावं तसा गेलो. बायको संयोगिता म्हणाली, तुमचे पाय आई अंबाबाईनं आपल्या ओंजळीत घेतलेत. मलाही तसंच वाटलं.

गाडी आता लोण्यासारखी चाललीय. उद्यापासून बायका न्यायला लागतो.

कृष्णात

*

शिरोळ
१८ ऑगस्ट

कृष्णात,

पाणी आलं होतं. दहा दिवस पोस्ट बंद, रस्ता बंद. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, सुखरूप आहोत. तुझं पत्र पाणी उतरल्यावर मिळालं.

डांबराचा मजकूर मी राजमतीला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं हात जोडले. मीही मनात म्हटलं, श्रद्धेचं बळ असं असतं. ते पत्र उशाशी ठेवलं. चार दिवसांनी पुन्हा वाचायला घेतलं, त्या वेळी हात जोडायला नाही, मिस्त्री म्हणून वाचलं. आणि बसल्या जागी घाम आला.

माल चांगला निघाला. तेल नाही. सिलिंडर ठीक. प्लेट दोन्ही बाजूंनी सारखी झिजलेली, बेअरिंग कोरडं, फ्लायव्हील भाजलेलं. हे सगळं एकच गोष्ट सांगतं: गाडी चालते तेव्हा पेडल सारखं थोडं दाबलेलं असतं. धैर्यशील खरं बोलला. त्याचा मी अपमान केला, तो हिशेब वेगळा. गाडी तीच, रस्ता तोच, मिस्त्री तोच, तूही तोच. सोळा वर्षांत दोन प्लेटा आणि आता आठ-नऊ महिन्यांत दोन. तर मग तुझ्यात काय बदललं?

तुला पेडल कळत नाही, कृष्णात. पाय त्यावर आहे की नाही, हेच कळत नाही. काटा टोचत नाही, डांबर भाजत नाही, ते कातडं घट्ट झाल्यामुळं नव्हे. माझा मोठा मेहुणा ट्रक चालवायचा. त्याच्या तळव्याला बिडीचं थोटूक चिकटून विझलं, घरी आल्यावर बायकोला दिसलं. त्याला साखरेचा आजार होता आणि त्याला ठाऊक नव्हतं. लघवीच्या जागी मुंग्या लागतात का, बघ. लाजू नकोस.

माझं चुकत असेल, तसंच होवो. म्हणून एक कर. गाडी बंद ठेवून सीटवर बस, डोळ्यांना फडकं बांध. क्रांतीला पेडलवर चिंचोका ठेवायला सांग, कधी ठेवावा, कधी ठेवू नये, तिच्या मर्जीनं. तू पाय टेकवून सांगायचं, आहे की नाही. दहा वेळा. किती बरोबर आले ते लिही. आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपास.

हे होईपर्यंत एकाही बाईला गाडीत बसवू नकोस. चढावरच काय, सपाटीवरही नको. मी आजवर तुला गाडीबद्दल शंभर गोष्टी सांगितल्या असतील. त्या सगळ्या विसरलास तरी चालेल, ही एक धर.

नेमगोंडा

*

माळवाडी
२४ ऑगस्ट

आण्णा,

पत्र पोचलं. पाण्यातून तुम्ही सुखरूप आहात, बरं वाटलं.

तुम्ही सांगितलेला प्रयोग केला. दहाच्या दहा बरोबर आले. मुंग्या वगैरे काही नाही.

तुमच्या मेहुण्यांचं वाईट वाटलं. पण त्यांनी विडी ओढली, मी नवस फेडतोय. दोन पायांत एवढा फरक असेल की नाही? दसरा एकोणचाळीस दिवसांवर आहे. दवाखान्यात गेलो की पहिली गोष्ट ते चप्पल घाला म्हणतील. आईला दिलेला शब्द एकोणचाळीस दिवसांसाठी मोडू का? दसऱ्यानंतर रक्त तपासतो.

नवा क्लच छान चाललाय. आता काळजी करू नका.

कृष्णात

*

शिरोळ
९ सप्टेंबर

कृष्णात,

तुझं पत्र वाचून मोठा श्वास सोडला. म्हातारपणी माणूस रिकामा बसला की दुसऱ्याच्या अंगात आजार शोधतो, असं राजमती म्हणते. तसं असेल तर चांगलंच.

आमचं जैनांचं पर्व संपलं. वर्षभरात ज्याला ज्याला दुखवलं त्याची क्षमा मागायचा दिवस परवा होऊन गेला. तुझ्या पायावर मी संशय घेतला, तुझ्या नवसाला आजार म्हटलं, त्याबद्दल मला क्षमा कर. धैर्यशीललाही वेगळं कार्ड टाकलंय. त्याच्या मालाबद्दल मी जे लिहिलं ते न बघता लिहिलं. शिष्याची क्षमा मागताना अक्षर उमटायला जास्त वेळ लागला, खोटं कशाला सांगू.

दसऱ्यानंतर रक्त मात्र तपासच.

नेमगोंडा

*

माळवाडी
२९ सप्टेंबर

आण्णा,

हे पत्र तीन वेळा सुरू केलं आणि फाडलं.

सतरा तारखेला सकाळी मारुतीच्या देवळापुढं गाडी उभी होती. सपाट जागा. बायका मागं चढत होत्या. मी पहिला गिअर टाकून, क्लच दाबून बसलो होतो. बायडाबाई पाण्याची कळशी केबिनमध्ये ठेवायला पुढून वळसा घालून येत होती. मला म्हणाली, "आज लवकर सोड रं, सुनंला दवाखान्यात न्यायची हाय." मी हो म्हणालो. माझा पाय पेडलवर होता. आण्णा, आजही विचाराल तर मला तसंच वाटतं की होता. गाडीनं उडी मारली. बायडाबाई बंपर आणि देवळाच्या कट्ट्यामध्ये सापडली.

मी ओरडलो, "क्लच! क्लच गेला!"

माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द हाच.

तिची उजवी मांडी मोडली. कोल्हापूरला नेऊन सळी घातलीय. जीव वाचलाय, पण चालेल की नाही, ते डॉक्टर आताच सांगत नाहीत. तिला बाहेर काढत होतो तेव्हा एक बाई म्हणाली, तुमच्या पायाला काय झालं? बघितलं तर क्लचचं पेडल लाल. डाव्या पायाच्या चवड्यात बाटलीची काच होती, बोटाच्या पेराएवढी. किती दिवसांपासून होती ते डॉक्टरांनाही सांगता येईना. भोवती मांस सडायला लागलं होतं. मी त्या काचेवर चालत होतो, गाडी चालवत होतो, रोज सकाळी आंघोळ करून देवाला जात होतो. रक्तानं पाय घसरला आणि मला कळलं नाही.

साखर चारशेच्या वर आहे.

आता खरं लिहितो. चिंचोक्याचा प्रयोग केला होता, पण निम्माच. क्रांतीनं डोळे बांधले. मी पहिल्या चार वेळा नुसता अंदाज सांगत होतो. पाचव्या वेळी म्हणालो, "हाय." ती म्हणाली, "आबा, चिंचोका कवाच खाली पडलाय. तुमी मघापासनं नुसत्या पेडलवर पाय ठिवून बसलाय." मी फडकं सोडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "माझ्यापायी झालं हे." मी तिला अंबाबाईची शपथ घातली, दसऱ्यापर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून. एकवीस वर्षांच्या पोरीला मी माझ्या खोट्यात बांधलं, आणि तेही देवीच्या नावानं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला दहाच्या दहा लिहिलं. मुंग्यांचंही खोटं लिहिलं. त्या आषाढापासून लागत होत्या.

सगळा गाव म्हणतोय, क्लच तुटला. बायडाबाईचा लेक जोतीराम धैर्यशीलच्या गॅरेजावर जाऊन आरडाओरडा करून आला. गिऱ्हाइकं गाड्या परत नेतायत. मी अजून कुणाला काही बोललेलो नाही. पायाला पट्टी आहे, मऊ तळाच्या वहाणा दिल्यात. त्या घातल्या तेव्हा दसरा पंधरा दिवसांवर होता. आईनं माझा पाय ओंजळीत घेतला असं मी समजत होतो. आता वाटतं, ती तीन वर्षं मला हाका मारत होती.

तुम्ही शिव्या घाला. तेवढ्या एकाच गोष्टीची वाट बघतोय.

कृष्णात

*

शिरोळ
४ ऑक्टोबर

कृष्णात,

शिव्या घालायला तोंड असावं लागतं. माझं राहिलं नाही.

तुला प्रयोग लिहून पाठवायच्या आधी मी तो स्वतः करून बघितला होता. पाटावर पाय, डोळ्यांवर फडकं, चिंचोका ठेवायला राजमती. माझ्या पायांना काही झालेलं नाही, रक्त गेल्याच महिन्यात तपासलंय. तरी माझे दहातले आठच बरोबर आले. दोनदा चिंचोका टाचेकडं सरकला आणि मला चुकवून गेला.

आणि तू लिहिलंस दहाच्या दहा.

ते वाचलं तेव्हाच माझ्या मनात आलं, की पोरगा खोटं बोलतोय. पाव घटकाही लागली नाही. मिस्त्रीला मोजमाप खोटं आहे हे लगेच कळतं. मग मी काय केलं? मोठा श्वास सोडला म्हणून तुला लिहिलं. कारण ते खोटं आहे असं मानलं असतं तर मला उठावं लागलं असतं. कागलची एसटी पकडून तुझ्या दारात उभं राहावं लागलं असतं, किल्ली काढून घ्यावी लागली असती. म्हणजे वेस ओलांडायची, नेम मोडायचा. दोन महिने पाळलेला नेम. मी स्वतःला सांगितलं, त्यानं लिहिलंय ना, मग झालं. फोन तर अभिनंदनही करू शकला असता. त्यालाही मी सांगितलं नाही. वर क्षमेच्या दिवशी तुझीच क्षमा मागून मोकळा झालो. बघ, खोट्याला माझ्याकडून केवढं छान वेष्टण मिळालं.

इथं चातुर्मासाला थांबलेल्या महाराजांना काल सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी गाळून प्यायचा नेम कशासाठी असतो?" मी म्हटलं, जीव वाचावेत म्हणून. ते म्हणाले, "मग?" मी खाली मान घालून घरी आलो.

आता मी आज निघून आलो तरी तो माझ्या मनाच्या समाधानासाठी येणं होईल. उपयोग होता तेव्हा आलो नाही. प्रायश्चित्त काय घ्यायचं ते महाराज ठरवतील. तुला मी काही कर म्हणून सांगत नाही, तो हक्क मी गमावलाय. फक्त धैर्यशीलचं एक पत्र आलंय, ते तुला कळावं म्हणून लिहितो. त्यात तुझ्याबद्दल वाईट शब्द नाही. एवढंच आहे: "मालक, मी काम नीट केलं हुतं. तुमी तरी म्हणा."

मी त्याला कळवलंय, की तू काम नीट केलं होतंस. पण माझं म्हणणं शिरोळात आहे आणि त्याचं गॅरेज कागलात.

नेमगोंडा

*

माळवाडी
१३ ऑक्टोबर

आण्णा,

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. तुमचे आठ आले हे पडवीत बसून दोनदा वाचलं. राग आला नाही. आपण दोघं एकाच कागदावर खोटं लिहीत होतो, एवढं कळलं.

काल बायडाबाईला घरी आणलं. दुपारी जोतीरामनं निरोप धाडला, बैठक आहे, या. गेलो तर खोलीत दहा-बारा माणसं. धैर्यशीलला बोलावून आणलं होतं. तो दाराशी उभा होता, कुणी बस म्हटलं नव्हतं. बायडाबाई कॉटवर, पाय उशीवर ठेवलेला. मला खुर्ची दिली. तेच मला पहिल्यांदा टोचलं, की मला खुर्ची आणि त्याला दार.

जोतीराम म्हणाला, "काका, तुमी सांगा. क्लच बसवून दीड महिना झालेला. मग तुटला कसा? ह्यानं काय घातलं आत, दोरा?" कुणीतरी हसलं. धैर्यशील माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या वहाणांकडं बघत होता.

मी उठून उभा राहिलो. बसून बोलता आलं नसतं.

"क्लच तुटला न्हाय," मी म्हणालो. "क्लच चांगला हाय. कुनी बी उघडून बघा. माझ्या पायाला कळत न्हाय. गाडीचा दोष न्हाय, धैर्यशीलचा न्हाय. त्यानं मला सांगितलं हुतं, मीच त्याला हसलो."

जोतीराम उठला. माझी कॉलर धरली. मी हात वर केले नाहीत. दोघा-तिघांनी त्याला मागं ओढलं. तो ओरडत होता, काय काय म्हणाला ते लिहीत नाही, त्यातलं खोटं काही नव्हतं. त्या सगळ्या गलक्यात बायडाबाई बोलली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"कृष्णात, तुला ठावं कवापासनं?"

इथं मला सतरा तारीख सांगता आली असती. काच निघाली तेव्हा कळलं, असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. क्रांती दाराबाहेर उभी होती. तिनंही मानलं असतं, तिला तर शपथच होती.

"श्रावणापासनं," मी म्हणालो.

ती म्हणाली, "म्हंजी महिनाभर ठावं हुतं. रोज सकाळी हात दिऊन आमाला हौद्यात वर घेत हुतास, त्यो कोन?"

"मीच."

"'दमानं चढा गं' म्हनायचास."

"व्हय."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं रडेल. रडली नाही. धैर्यशीलला म्हणाली, "बस की रं, हुबा का?" तो बसला नाही. जाताना माझ्याजवळून सरळ निघून गेला. त्यानं माझ्याशी बोलावं असं मलाही वाटलं नाही.

मी घरी येऊन क्रांतीला जवळ बसवलं आणि शपथ सोडवली. ज्या देवीच्या नावानं घातली तिच्याच फोटोपुढं. गाडीची किल्ली जोतीरामकडं धाडली. पोलिसांकडं तो मला न्यायचा म्हणतोय. न्यावं. मी तिथंही हेच सांगणार आहे.

एवढं होऊन मी पुन्हा बायडाबाईच्या दारात गेलो. आत जायचं धाडस होईना. तिची सून ताट घेऊन बाहेर आली, मला बघून थबकली, आत जाऊन सांगितलं. आतून बायडाबाईचा आवाज आला.

"जा म्हनावं आता. आज तुझं त्वांड बघवत न्हाय मला. उद्या ये."

आण्णा, आज मी जाणार आहे.

कृष्णात